दोन घरांमधला उतार

इंजिनिअरबाई ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच दारात उभ्या राहिल्या आणि धाकटीची तारांबळ उडाली. घरात पाहुणा येण्याचं तिला काही नव्हतं. पण या पाहुण्यांना कुणी बोलावलं, हे नवऱ्याला सांगायचं अजून राहून गेलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला होता, आणि आता पालिकेची गाडी फाटकापाशी उभी होती. त्यातून एक वयस्क मुकादम तिपाई आणि आकडे रंगवलेली लांब पट्टी उतरवून घेत होता.

तिचा नवरा, धाकटा, वायरमन. रविवार असल्यामुळे घरातच होता. त्याने खिडकीतून गाडी पाहिली, गाडीवरची अक्षरं वाचली, आणि बायकोकडे नुसतं पाहिलं.

"अर्ज केला होता," धाकटी म्हणाली. "मी आणि ताईंनी मिळून."

ताई म्हणजे तिची थोरली जाऊ. वरच्या अंगाला राहणारी. तीन वर्षं दोन्ही भाऊ एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि तेही अगदी शब्दशः पाण्यापायी. जोराचा पाऊस झाला की मागच्या टेकाडावरून लोंढा यायचा आणि धाकट्याच्या मागच्या खोलीत घुसायचा. धाकटीची शिवणाची दोन्ही मशिनं त्या खोलीत होती. ती विटांवर चढवून ठेवली तरी एकदा मोटर भिजून बंद पडली होती, आणि एका गिऱ्हाइकाच्या मुलीचे लग्नाचे कपडे चिखलात गेले होते. धाकट्याने दोष काढला तो थोरल्याच्या अंगणाचा. थोरल्याने चार वर्षांपूर्वी सगळं अंगण फरशीने मढवलं, तेव्हापासून हे सुरू झालं, असं त्याचं म्हणणं. थोरला शाळेत गणित शिकवायचा. त्याने कागदावर आकडेमोड करून दाखवलं की एवढ्याशा फरशीवरून इतकं पाणी येणं शक्यच नाही. धाकट्याने तो कागद त्याच्यासमोर चुरगाळला. त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

आणि आता धाकट्याने विटा आणून टाकल्या होत्या. मागच्या बाजूने कमरेएवढी भिंत घालायची, म्हणजे पाणी आपल्याकडे येणारच नाही. मग ते कुठे जाईल, हे त्याला ठाऊक होतं. ते थोरल्याच्या स्वयंपाकघरात जाणार होतं. उद्या सोमवारी गवंडी यायचा होता.

ही भिंत उठली की दोन घरं कायमची तुटली, हे दोन्ही जावांना कळत होतं. थोरली दवाखान्यात परिचारिका. तिची सकाळची पाळी सुटली की भाजीच्या गाडीपाशी दोघी भेटायच्या. नवऱ्यांना ताकास तूर लागू न देता बोलायच्या आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी यायच्या. दवाखान्याच्या फळ्यावर थोरलीने पालिकेची सूचना वाचली होती: खाजगी जागेत पावसाचं पाणी तुंबत असेल तर अर्ज करा, आमचा माणूस येऊन पाहील, कारण सांगेल आणि उपाय आखून देईल. अट एवढीच होती की शेजारच्या जागेत पाय ठेवावा लागणार असेल तर दोन्ही मालकांच्या सह्या हव्यात.

सह्यांची अडचण आली नाही. आप्पांनी, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी, दोन्ही घरं बांधून झाल्यावर ती मुलांच्या नव्हे, सुनांच्या नावावर करून दिली होती. पोरं भांडतील, सुना सांभाळतील, असं ते तेव्हा म्हणाले होते. सगळे हसले होते.

"पालिकेची माणसं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी," धाकटा म्हणाला. "येतील, मान हलवतील, चहा पिऊन जातील."

पण तो दाराआड गेला नाही. हात बांधून उंबऱ्यात उभा राहिला.

इंजिनिअरबाईंनी चहा घेतला नाही. पस्तिशीच्या असतील. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पाठीला पिशवी, आणि बोलण्यात घाई अजिबात नाही. आधी त्यांनी धाकटीलाच विचारलं, की पाणी पहिल्यांदा कुठून दिसतं, दाराखालून की भिंतीतून, किती वेळाने येतं, गढूळ असतं की स्वच्छ. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. जो तो दोष कुणाचा एवढंच विचारायचा. धाकटीने भिंतीवरच्या खुणा दाखवल्या. प्रत्येक वेळी पाणी कुठवर आलं तिथे तिने कपड्यावर आखायच्या खडूने रेघ ओढली होती आणि बाजूला तारीख घातली होती. बाईंनी त्या रेघा वाकून वाचल्या, वहीत उतरवल्या, आणि म्हणाल्या, "माझ्या खात्यातसुद्धा इतकी नीट नोंद नसते."

धाकटीला बरं वाटलं, पण तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मग तिपाईवर दुर्बीण चढली. मुकादम पट्टी घेऊन पुढे, बाई मागे, असं सगळं आवार त्यांनी पावलापावलाने मोजलं. टेकाडाच्या पायथ्यापर्यंत गेल्या. थोरल्याच्या अंगणात गेल्या तेव्हा थोरला वर्तमानपत्र घेऊन बाहेर बसला होता. आपल्या बायकोने सही केली आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि थोरलीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. ती पाळीभर रोग्यांचं ऐकून घेत असे, घरात कुणाला घाबरत नसे. थोरल्याने पुन्हा वर्तमानपत्र उचललं, पण पान काही उलटलं नाही.

दोन तासांनी बाई रस्त्यावर गेल्या आणि उकिडव्या बसून रस्त्याखाली डोकावू लागल्या. धाकटी मागोमाग गेली. रस्त्याखाली दगडी मोरी होती, गवताने झाकलेली. या घरात येऊन तिला अठरा वर्षं झाली होती, पण ती मोरी तिने कधी पाहिली नव्हती. मुकादमाने गवत बाजूला केलं. आतून कोरडी ठणठणीत.

बाई परत आल्या आणि त्यांनी सगळ्यांना मागच्या बाजूला बोलावलं. बोलावलं म्हणजे नुसतं म्हणाल्या, की एकदाच सांगते, सगळे असाल तर बरं. तीन वर्षांनी पहिल्यांदा दोन्ही भाऊ एका आवारात उभे राहिले. मध्ये दहा पावलांचं अंतर ठेवून. आप्पा त्या महिन्यात थोरल्याकडे होते. तेही काठी टेकत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. वय एक्याऐंशी. हाताची बोटं अजून जाड, गवंड्याची.

इंजिनिअरबाईंनी आधी फरशीचा निकाल लावला. फरशीवरून पाणी खाली येतं हे खरं, पण ते दहात एक भाग. बाकी नऊ भाग टेकाडावरून येतात. वर नवी वस्ती झाली, माती झाकली गेली, आणि जे पाणी पूर्वी दिवसभरात झिरपत यायचं ते आता तासाभरात धावत येतं. त्या वस्तीला परवानगी देताना खाली काय होईल हे आमच्या खात्याने पाहायला हवं होतं, ते पाहिलं गेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते मी अहवालात लिहिणार आहे, असंही म्हणाल्या.

धाकट्याने बांधलेले हात सोडले. सरकारी माणसाने आपल्याच खात्याची चूक आपल्या तोंडाने सांगावी, हे त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"आता एक गोष्ट मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "टेकाडावरून एक ओहळ उतरतो, तो या खोलीच्या भिंतीपर्यंत नीट दिसतो. रस्त्याखाली त्याच्यासाठी मोरी आहे. मधला ओहळ कुठे गेला?"

थोरला नेहमीच्या सवयीने मनात काही जुळवत होता. त्याचे डोळे टेकाडावरून खोलीकडे, खोलीवरून रस्त्याकडे फिरत होते. मग ते वडिलांवर येऊन थांबले.

बाईंनीही तिकडे पाहिलं. पण त्यांनी ओहळाचं विचारलं नाही. त्या आप्पांच्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "घरं कुणी बांधली? काम चांगलं आहे. एवढं पाणी खाऊनही पायाला एक तडा नाही."

"मी," आप्पा म्हणाले. "दोन्ही मीच बांधली." आणि थोड्या वेळाने, "ओहळही मीच बुजवला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते मुलांकडे पाहत नव्हते, बाईंकडे पाहत होते, जणू एका गवंड्याने दुसऱ्याला कामाचं सांगावं तसं. बायको आजारी पडली, तिला जिना चढवेना. तळमजल्यावर एक खोली हवी होती आणि जागा तेवढीच होती, ओहळाची. त्यांनी उन्हाळ्यात तो दगडांनी भरला, खालून सहा इंची पाइप टाकला, वर जोतं घेतलं. मुलं तेव्हा शिकायला परगावी होती, घर नवंच होतं; ओहळ त्यांनी कधी पाहिलाच नाही. तिच्या खिडकीतून टेकाड दिसावं म्हणून खिडकी मागच्या बाजूला ठेवली. ती त्या खोलीत सात वर्षं जगली. पाइप इतकी वर्षं पाणी नेत होता. केव्हातरी तुंबला असेल.

"तीन वर्षं," थोरला म्हणाला. त्याचा आवाज वर्गातला नव्हता. "तीन वर्षं आम्ही भांडतोय आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच पुरात ठाऊक झालं."

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "सांगितलं असतं तर तुम्ही ती खोली पाडली असती. आणि न सांगता तुम्ही एकमेकांना पाडलंत. मला वाटलं, आज ना उद्या मिटेल. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात. त्याच भरवशावर बसलो मूग गिळून. चुकलो."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता की तिला वाटलं, आता हा वडिलांना काहीतरी भलतंच बोलणार. ती खोली त्याच्या आईची. शेवटच्या दिवसांत तोच तिथे जमिनीवर अंथरूण टाकून निजायचा. पण तो काही बोलायच्या आत आप्पाच पुढे झाले आणि भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, "पाडा. मी बांधली, मीच सांगतो. ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं."

"नाही," धाकटा म्हणाला. "मशिनं वर नेऊ. खोली राहू दे. येऊ दे पाणी."

आता गंमत अशी झाली की तीन वर्षं ज्या पाण्यासाठी हा माणूस भावाच्या जिवावर उठला होता, तेच पाणी घरात घ्यायला तो तयार झाला. धाकटीला हसावं की रडावं कळेना. मशिनं वर कशी न्यायची, जिना किती अरुंद आहे, गिऱ्हाइकं वर येतील का, यातलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. पण तिने त्याला अडवलं नाही. सासूला न्हाऊ घालायची पाळी त्या खोलीत तिचीही असे.

इंजिनिअरबाई मधल्या वेळात कामाला लागल्या होत्या. त्या खोलीच्या कोपऱ्यापासून थोरल्याच्या अंगणाकडे चालत गेल्या, परत आल्या, मुकादमाला पट्टी धरायला लावली, पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं. वहीत बराच वेळ आकडे मांडले. चांगली वीस मिनिटं गेली. कुणी हललं नाही. थोरलीने आप्पांसाठी खुर्ची आणली, तेवढंच.

"खोली पाडायची गरज नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "पाइप साफ केला तरी आताच्या लोंढ्याला पुरणार नाही, पण ओहळ खोलीला वळसा घालून नेता येईल. मागे आडवी नाली, मग कोपऱ्यावर वळवून सरळ रस्त्यापर्यंत. उतार बसतो. जेमतेम, पण बसतो." त्या थांबल्या. "फक्त या बाजूला घराची भिंत हद्दीवरच आहे. नालीला दोन हात रुंदीची पट्टी लागेल, ती वरच्या अंगणातून. फरशी उखडावी लागेल."

आवाराच्या आतलं काम तुम्हाला करावं लागेल, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. नकाशा आमचा, पातळ्या आम्ही आखून देऊ, काम चालू असताना येऊन तपासू, आणि मोरी साफ करून नाली तिला जोडायचं काम पालिकेचं. पण दुसऱ्याच्या अंगणातून नाली काढा असं मी कुणाला सांगू शकत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

सगळे थोरल्याकडे पाहू लागले. अंगण हा त्याचा जीव होता. एकेक फरशी त्याने स्वतः निवडून आणली होती, सुट्टीच्या दिवशी गुडघ्यावर बसून पुसायचा. धाकटीने गृहीत धरलं की हा माणूस आता कागद मागणार, आकडेमोड करणार, दोन हात कशाला, दीड हातात का नाही, असं विचारणार.

त्याने तसंच विचारलं. दीड हातात भागेल का? बाई म्हणाल्या, नाही भागणार. भागतं म्हणून सांगितलं तर तीन वर्षांनी मला पुन्हा यावं लागेल. थोरल्याने मान हलवली. गणित बरोबर आलं की मुलाच्या वहीवर खूण करावी, तशी.

मग तो घरात गेला. थोरली त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. तिलाही खात्री नव्हती. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. हद्दीलगतच्या पहिल्या फरशीच्या फटीत त्याने ती घातली आणि जोर लावला. मास्तरच्या हातात तेवढा जोर नव्हता. फरशी एका अंगाला उचलली गेली आणि तशीच अडकून राहिली.

"नुसता बघत काय राहिलास," तो म्हणाला. कुणाकडेही न पाहता. "तिकडून धर."

धाकटा ते दहा पावलांचं अंतर चालून गेला आणि त्याने फरशी दुसऱ्या बाजूने धरली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊ फरशा काढल्या. एकही फोडली नाही. बोलणं फारसं झालं नाही. 'उचल', 'थांब', 'बोट सांभाळ', एवढंच. तिन्ही सांजेला थोरलीने दोन्ही घरांचा स्वयंपाक एकाच ओट्यावर केला आणि धाकटीने तो वाढला. जेवताना थोरल्याने आपल्या मूळ कागदातली एक चूक कबूल केली. दहात एक भाग त्याने धरलाच नव्हता. धाकटा म्हणाला, कागद चुरगाळायला नको होता. यापेक्षा जास्त माफी त्या घराण्यात आजवर कुणी कुणाची मागितली नव्हती.

सोमवारी गवंडी आला तो भिंत घालायला. त्याला नाली खणायला लावलं. काम सतरा दिवस चाललं. नाली हातभर खोल घ्यावी लागली आणि खाली मुरूम कडक लागला. इंजिनिअरबाई मध्ये तीनदा येऊन गेल्या. एकदा तर रजेच्या दिवशी, वाटेतच घर आहे म्हणून. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मंगळवारी मोरी साफ होईल म्हणाल्या, तर मंगळवारी सकाळी माणसं हजर. धाकटा आता वस्तीत ज्याला त्याला त्यांचं सांगत सुटला होता, आणि सांगताना उंटावरच्या शेळ्यांना सोयीस्कर विसरला होता. खालच्या गल्लीतल्या दोघांनी त्याच्याकडूनच अर्ज लिहून घेतले.

आप्पा मात्र या सतरा दिवसांत नालीकडे फिरकले नाहीत. धाकटीला ते दिसत होतं. मुलं त्यांच्याशी तुटक वागत नव्हती. उलट जपतच होती. पण ते खिडकीशी बसून राहत, आणि बाहेर पहारीचा आवाज आला की डोळे मिटून घेत. ज्या माणसाने निम्म्या गावाचे पाये भरले, त्याच्या हातून झालेलं काम दुसरे उकरत होते.

शेवटच्या दिवशी तळाला सिमेंटचा गिलावा झाला आणि बाई तपासायला आल्या. त्यांनी तिपाई लावली, आकडे घेतले, सगळं ठीक आहे म्हणाल्या. सही करायला वही उघडली, आणि मिटली. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या.

"आप्पा, जरा बाहेर येता का? माझी दुर्बीण दहा-दहा हातांवर पाहते. मधलं मला दिसत नाही."

आप्पा लगेच उठले नाहीत. मग काठी घेऊन आले. नालीच्या रस्त्याकडच्या टोकाला त्यांनी काठी धाकटीच्या हातात दिली, दोन्ही मुलांचे खांदे धरून खाली बसले, आणि मग चक्क पोटावर आडवे झाले. एक डोळा मिटून नालीच्या तळाशी नजर लावून ते बराच वेळ पाहत राहिले. एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा चिखलात पालथा पडलेला, आणि सगळं घर आणि सरकार त्याच्याभोवती श्वास रोखून उभं.

"वळणाच्या अलीकडे," ते म्हणाले. "चार हातांवर. अर्धं बोट खड्डा आहे. तिथं पाणी थांबेल, गाळ धरेल."

गवंड्याने नाक मुरडलं. बाईंनी पट्टी नेमकी तिथे धरायला सांगितली आणि स्वतः दुर्बिणीला डोळा लावला. वर पाहिलं तेव्हा त्या हसत होत्या.

"अर्धं बोटच," त्या म्हणाल्या. "काढा तेवढा तुकडा."

गवंडी थापी घेऊन पुढे झाला. आप्पांनी पडल्या पडल्याच हात पुढे केला. गवंडी क्षणभर थबकला आणि मग त्याने थापी त्यांच्या हातात दिली. धाकट्याने माल कालवला, थोरल्याने घमेलं धरलं. आप्पांची पहिली फेरी जरा वाकडी गेली. तिसऱ्या फेरीला तळ सरळ झाला.

त्यानंतर महिन्याभराने टेकाडावर असा पाऊस झाला की वरच्या वस्तीतली दोन झाडं आडवी झाली. शाळा लवकर सुटली, थोरला भिजत घरी आला आणि कपडे न बदलता तसाच धाकट्याच्या मागच्या खोलीत शिरला. तिथे सगळेच जमले होते. खिडकीबाहेर लोंढा आला, भिंतीशी आला, वळला, आणि नाली तुडुंब भरून रस्त्याकडे निघून गेला. आप्पा खिडकीच्या गजाला धरून उभे होते, पाणी वळणावर थांबतंय का ते पाहत. थांबलं नाही.

धाकटीच्या मशिनवर गिऱ्हाइकाचा झगा अर्धा होऊन पडला होता. उद्या द्यायचा होता. तिने सगळ्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, उजेड अडत होता, आणि शिवायला बसली.